पांढऱ्या शर्टाचे कफ

काम आटोपले की ते दोन्ही हात पुढे करीत. तळवे खाली, बोटे पसरलेली, आणि मनगटावर बटणे लावलेले शर्टाचे पांढरे कफ. "पाहा मॅडम, डाग दिसते का कुठी?" मी चष्मा चढवून नीट पाहत असे. डाग नसे. मगच गाडीची किल्ली माझ्या हातात पडे.

मोटारींच्या गॅरेजात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालून काम करणारा माणूस आपण कधी पाहिला आहे का? मी तरी दुसरा पाहिला नाही. त्यांचे गॅरेज लकडगंजात, आरा मशिनींच्या मागच्या गल्लीत होते. शेजारच्या मशिनीतून आणलेला लाकडाचा भुसा जमिनीवर पसरलेला असे. तेल सांडले की तो शोषून घेई. त्यामुळे तिथे ग्रीसचा आणि ओल्या सागाचा वास एकत्र येई. त्या सगळ्यात हा पांढरा शर्ट असा वावरे, की एखाद्याला वाटावे, मालक लग्नाला निघाले आहेत आणि वाटेत सहज बोनेटमध्ये डोकावत आहेत.

यामागे एक पद्धत होती. "आधी पुसायचं, मंग खोलायचं," असे ते म्हणत. कोणताही नट सैल करण्याआधी त्याच्या भोवतीचा भाग ते फडक्याने स्वच्छ करीत. मी शाळेत गणित शिकवत असे. फळा पुसल्याशिवाय नवे उदाहरण मांडू नये, हा माझा नियम होता. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला पहिल्याच दिवशी पटले.

एकदा माझ्यासमोरच त्यांच्या उजव्या कफावर मोहरीएवढा काळा ठिपका निघाला. ज्यांची गाडी होती, ते गृहस्थ किल्लीसाठी हात पुढे करून उभे होते. "थांबा जी. हे कुठून आलं?" गाडी पुन्हा जॅकवर चढली. ते गृहस्थ घड्याळ पाहत राहिले, कुरकुरले, शेवटी माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले. तेलाच्या एका नळीचा सांधा किंचित पाझरत होता. तो घट्ट झाला, शर्ट बदलला गेला, आणि मग किल्ली मिळाली.

आमच्या गाडीविषयी आता सांगायला हवे. माझे यजमान नोकरीच्या सगळ्या वर्षांत स्कूटरवर फिरले. निवृत्तीनंतर त्यांनी एक वेगवान गाडी घेतली. जुनीच, पण टर्बोची, भरपूर ताकदीची. पहिल्या मालकाने वाढवून घेतलेली वारंटी तिच्यावर अजून शिल्लक होती. त्यांच्या आयुष्यातली ही एकच उधळपट्टी. सकाळी बुटीबोरीच्या बाजूने मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आले, की त्यांचा चेहरा विद्यार्थ्यासारखा दिसे.

अशी गाडी सर्व्हिसिंगला कंपनीच्या शोरूममध्ये न्यावी की बाहेरच्या गॅरेजात, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. मी माझ्या सवयीप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले, एक कंपनीचा, एक बाहेरचा, आणि कागद घेऊन आम्ही दोघे गाडीसह गॅरेजच्या मालकांकडे गेलो. त्यांनी तो लांब धरून वाचला.

"छान हाये. पन यात नावच नाई."

"कोणाचे नाव?"

"ज्याचा हात लागनार त्याचं. कंपनी काही पाना धरत नाई, मॅडम. तिथंबी मानूसच धरते, इथंबी मानूसच. कुठंही गेल्या तर विचारा, आज गाडीवर कोन हाये?"

नंतर त्यांनी बोनेट उघडण्यासाठी हात पुढे केला, आणि मागे घेतला. "वारंटी हाये का?" मी हो म्हटले. "मंग माह्यं काम नाई हे. वारंटी सरेपर्यंत कंपनीतच न्या. मी एक नट फिरवला, तर उद्या ते म्हनतील बाहेरचा हात लागला." आलेले काम त्यांनी असे परत पाठवले आणि वर आम्हाला चहा पाजला.

तरीही आम्ही त्यांच्याकडे जात राहिलो. कामासाठी नव्हे, बोलण्यासाठी. ते पूर्वी त्याच शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होते, हे त्यातूनच कळले. नोकरी का सोडली, असे विचारले की ताठ बसत. "तत्त्वाचा प्रश्न होता. त्या पायरीवर आता पाय ठेवत नाई मी." कोणते तत्त्व, ते कधी सांगितले नाही. आम्ही दोघांनी घरी बसून त्यांच्यासाठी एक थोर कारण कल्पिले होते: कोणाची तरी फसवणूक करायला त्यांनी नकार दिला असणार.

पुढे यजमानांच्या हृदयावर उपचार झाले. डॉक्टरांनी हळूहळू गाडी चालवायला परवानगी दिली. ते पुन्हा फेरीला जाऊ लागले, आणि एके दुपारी, बुटीबोरीच्या अलीकडे, गाडीची ताकद अचानक गेली. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागून ट्रक हॉर्न देत होता. गाडी रांगत रांगत त्यांनी कडेला घेतली. त्यांना काही झाले नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली कपाटात ठेवली आणि म्हणाले, "विकून टाकू."

त्यानंतर ते व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसत, पण पान उलटत नसे. गाडी विकली जाण्याचे मला दुःख नव्हते. ती अशा भीतीच्या दिवशी विकली, तर तिच्याबरोबर हा माणूस आणखी पुष्कळ काही देऊन टाकील, याची मला धास्ती होती.

मी गाडी शोरूममध्ये पाठवली. ते लोक सौजन्याने वागले. गाडीच्या संगणकात दाब कमी झाल्याची खूण होती, पण ती कशाने उमटली ते समजेना. आसपास फिरवून पाहिले तर गाडी शहाण्यासारखी चालली. जो बिघाड दिसत नाही, तो त्यांनी दुरुस्त तरी कसा करावा? गाडी परत आली. यजमान तिच्यात बसले नाहीत.

मी लकडगंजात गेले.

"पंप असन," ते म्हणाले. "पेट्रोलचा पंप. मी लिहून देतो. पन गाडी तापल्यावर, लांब पल्ल्यावर नखरे करते ते. शोरूमच्या चौकात कसं दिसन? त्यांचं यंत्र लावून दुपारच्या उन्हात वर्धा रोडनं न्या म्हना."

"मी सांगितले तर ते ऐकतील का? आपण चला माझ्याबरोबर."

ते पायाने भुसा सारखा करीत राहिले. "मॅडम, त्या पायरीचं तुमाले ठाऊक हाये."

मी आग्रह केला नाही. निघताना त्यांनी विचारले, "साहेब काहून नाई आले आज?"

"गाडीपाशी येतच नाहीत हल्ली. विकायची म्हणतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या फाटकाशी उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. यजमानांना म्हणाले, "चला साहेब. मले तिथं सोबत पाहिजे. एकट्याले भ्या वाटते." माझ्या यजमानांना कोणीतरी धीर मागत होते. ते उठले आणि चपला घालू लागले. जातानाची गाडी मात्र त्या पाहुण्यांनीच चालवली.

शोरूमच्या पायरीवर ते क्षणभर थांबले, आणि चढले. आतले दोन मेकॅनिक काम टाकून धावत आले. "उस्ताद, आप?" काचेच्या खोलीतून मॅनेजर बाहेर आले. वयाने यांच्याएवढेच, पोटाने थोडे पुढे. "काय गा, वाट भुलला काय?"

"गाडी दाखवाले आलो. तुह्याकडं नाई आलो."

"बरं बरं. पन वर्कशॉपात जायचं असन तर निळं घालावं लागन. नियम हाये. तवाबी होता, आताबी हाये." त्यांनी खुंटीवरचा निळा कोट पुढे केला.

"तेव्हा म्हणजे?" मी विचारले.

मॅनेजर खदखदून हसले. "यानं सांगितलं नाई तुमाले? निळे टी-शर्ट आले अन् हा गेला! शर्टापायी नोकरी सोडनारा मानूस हाये हा!"

मी आणि यजमानांनी एकमेकांकडे पाहिले. आमचे थोर कारण जागच्या जागी कोसळले. आमचे उस्ताद मात्र लालबुंद झाले होते.

"तत्त्वाचाच प्रश्न होता तो! निळ्यावर ग्रीस दिसत नाई. डागच दिसला नाई, तर मानसाले चूक कशी दिसन?"

मॅनेजरांचे हसू ओसरले. मग उस्तादांनी माझ्या यजमानांकडे एकदा पाहिले, तो निळा कोट घेतला आणि अंगात चढवला. बटणे लावली. बाह्यांतून पांढरे कफ मात्र बोटभर बाहेर ओढून ठेवले.

वर्धा रोडला निघताना त्यांनी किल्ली यजमानांपुढे धरली. "तुमीच चालवा. जिच्याशी तुमचं भांडन, तिनं तुमच्यासमोरच रुसाले पाहिजे. मी बाजूले हाओच."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी, उत्तर ठाऊक असूनही विद्यार्थ्याला सांगू नये तशी, गप्प राहिले. त्यांनी किल्ली घेतली. मी मागे बसले. शेजारी शोरूमचा एक मेकॅनिक, मांडीवर लॅपटॉप, त्याची तार गाडीला जोडलेली. मिहानचा उड्डाणपूल मागे पडला. ऊन रस्त्यावर हलत होते. यजमानांची मान ताठ होती. उस्ताद हलक्या आवाजात त्यांना सांगत होते: "आता जरा दाबा. सोडा. पुन्हा दाबा."

आणि ती वेळ आली. पिवळा दिवा, आणि गाडी एकदम मरगळली. मागून हॉर्न वाजला. यजमानांचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले.

"वा! हेच पाहिजे होतं आपल्याले!" उस्ताद टाळी वाजवून ओरडले. "रुसू द्या तिले. आरसा पाहा. आता डावीकडं, आरामात. घाई कोनाले हाये?"

गाडी कडेला थांबली. यजमानांनी स्टिअरिंगवरचे हात काढले, आणि मला कितीतरी दिवसांनी ऐकू आलेल्या आवाजात म्हणाले, "पकडली!" ज्या क्षणाची त्यांना धास्ती होती, त्याच क्षणाची आम्ही चौघे मिळून वाट पाहत होतो. भीतीचे असे कोडे सुटताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

लॅपटॉपवरचे आकडे मेकॅनिकने शांतपणे वाचले. "उस्ताद, पंप ठीक है. टर्बो का प्रेशर गिर रहा है." हवेचा दाब राखणारा एक लहान भाग तापल्यावर अडकत होता. उस्तादांनी पडदा दोनदा पाहिला.

"चुकलो जी. कंपनीचं बरोबर हाये." मग मागे वळून माझ्याकडे बोट केले. "आता समजलं, वारंटीत हात काहून लावत नाई म्हनतो? माह्या भरवशावर पंप बदलला असता, तर पंपाचे पैसेबी गेले असते अन् वारंटीबी."

तो भाग वारंटीतच बदलून मिळाला. त्यांनी एकट्याने तो ओळखला नसता, आणि शोरूमला त्यांच्यावाचून तो दिसला नसता. माझ्या दोन रकान्यांमधली रेघ मी त्यानंतर पुसून टाकली.

वारंटी संपली, तेव्हा आम्ही गाडी घेऊन लकडगंजात गेलो. "सरली?" त्यांनी विचारले आणि पेढे आल्यासारखे हात चोळले. त्या दिवशी त्यांनी प्रथमच आमचे बोनेट उघडले. पुढे गाडी त्यांच्याच हाताखाली राहिली. संगणकाचे काही निघाले की मात्र स्वतःच शोरूममध्ये नेत. निळ्या कोटाची कटकट दर वेळी करीत आणि दर वेळी तो घालीत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. चार दिवसांचा ताप, एवढेच निमित्त. गॅरेजच्या जागेत आता सागाच्या फळ्या रचलेल्या आहेत.

परवा आम्ही गाडी शोरूममध्ये नेली. यजमान चालवत होते. काउंटरवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आज गाडीवर कोण आहे?" वर्धा रोडला आमच्याबरोबर आलेला तोच मेकॅनिक होता.

संध्याकाळी तो किल्ली घेऊन बाहेर आला. किल्ली देण्याआधी थबकला. ती त्याने काउंटरवर ठेवली, आणि दोन्ही हात पुढे केले; तळवे खाली, बोटे पसरलेली. निळ्या टी-शर्टाला कफ नसतात. माझ्या यजमानांनी खिशातून चष्मा काढला, वाकून ती दोन्ही उघडी मनगटे नीट पाहिली, आणि मग किल्ली उचलली.