चौदा देणारी गाडी

"गाडी लिटरला किती देते?" असं दिघाशीच्या आप्पांना कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे. "चौदा मानसं." विचारणाऱ्याला मैल हवे असत. आपण विनोद केलाय याचा आप्पांना पत्ताही नसे.

आप्पा भाताचे आणि गवताचे व्यापारी. गोठ्यावर घालायला पत्रे आणावेत म्हणून ते लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावाला गेले आणि एक लांबलचक हिरवी मोटार घेऊन परतले. त्यांची बायको, आमच्या काकी, दारातूनच म्हणाल्या, "पत्रे आनायला गेलेलात ना? हा तर चालता गोठाच आनलात!" आप्पा हसले, धोतराचा सोगा खोचला आणि गाडी धुवायला लागले.

रिकामी जागा त्यांना सहन होत नसे. वाटेत कुणी पायी दिसलं की ब्रेक. "जागा हाय, बसा." कुणी संकोचलं तर आप्पाच चिडत, "रिकामी शीट वाहून नेऊ काय? पेट्रोल तेवढंच पिते ती." एकदा तर त्यांनी मुंडावळ्या बांधलेला नवरदेवच उचलला. वऱ्हाड मागून धापा टाकत आलं.

आम्ही गावातल्या पाच मुली त्याच गाडीतून भिवंडीच्या हायस्कुलात जायचो. एसटी गावात यायची ती शाळेची घंटा होऊन गेल्यावर, आणि मुलींना भिवंडीत ठेवायला कुणाचे आईवडील तयार नव्हते. गाडी गेली असती तर आमची शाळाही गेली असती.

आणि मग पेट्रोल भडकलं. थोरला मुलगा रघुनाथ रोज मागे लागला, "ही विका, छोटी घेऊ." शेवटी आप्पा हो म्हणाले. एका सकाळी रघुनाथने गिऱ्हाईक आणलं, भिवंडीतला एक यंत्रमागवाला शेठ. आम्ही दप्तरं घेऊन अंगणात उभ्या.

शेठने गाडीभोवती एक फेरी मारली. "चाचा, कितना देती है?"

आप्पांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर आमच्यावर पडली. "पोरींनो, कितवीला हाव गं तुम्ही?"

"नववीला," मी कशीबशी म्हणाले.

आप्पा शेठकडे वळले. "और दो साल देगी. पोरी म्याट्रिक झाल्या की या."

रघुनाथने कपाळावर हात मारला. शेठ मात्र हसला, आत बसून बाकं बघून गेला आणि महिन्याभरात त्याने कामगारांसाठी तसलीच गाडी दुसरीकडून घेतली. मग टेमघरच्या वीटभट्टीवाल्यानेही तशीच घेतली, मग आणखी दोघांनी. पेट्रोल काही स्वस्त झालं नाही, पण आप्पांना हसणारेच आता एका खेपेत जास्त माणसं नेणारी मोठी गाडी शोधत हिंडू लागले. आप्पा प्रत्येकाला एकच विचारत, "शीटा किती हायेत?"

आम्ही पाचही जणी पास झालो. निकालाच्या आठवड्यात आप्पांनी शब्दाप्रमाणे गाडी त्याच शेठला दिली. किल्ली त्यांनी स्वतः त्याच्या हातात ठेवली. काकी मात्र आत जाऊन रडल्या.

पुढे मी कॉलेजला एसटीने जाऊ लागले. एकदा खिडकीतून थांब्यावर आप्पा छत्री घेऊन उभे दिसले. ते गर्दीत चढले आणि माझ्याजवळ दांडा धरून उभे राहिले. मी उठले आणि म्हणाले, "आप्पा, जागा हाय. बसा."

ते बसले. मागे वळून त्यांनी सगळी गाडी डोळ्यांनी मोजली आणि समाधानाने मला म्हणाले, "साठ देते गं ही, बाय."