अर्धी भरलेली पिशवी

“ज्याचं रक्त त्याच्या अंगात आधी जाऊ दे, उरलं तर तुमच्या पिशवीत,” असं सालोमी एकदा म्हणाली होती.

ती उमेळे गावची. माणिकपूरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात एकतीस वर्षं नर्स. मूल बाहेर आलं, की ती नाळ दोन बोटांत धरून थांबे. आतली नाडी उडायची थांबली, की मगच चिमटा.

मग नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा कौस्तुभ येऊ लागला. गळ्यात टाय, हातात माहितीपत्रक, त्यात टकलापासून लकव्यापर्यंत सगळ्यावर उतारा. न जन्मलेल्या पोरांना तो आधीच आजारी पाडून ठेवायचा. प्रतीक्षाकक्षातला नवा एसी त्याच्याच कंपनीनं दिलेला.

“सिस्टर, हा मुलाचा विमा आहे.”

“अर्नाळ्याची थॅलेसेमियाची पोर धाकट्या भावाच्या नाळेच्या रक्तानं बरी झाली. मी पाह्यलीय, ते खरं. पन आजार जन्माचाच असला, तर तो त्या पोराच्या साठवलेल्या रक्तात नसेल? खारट बावखलाचं, तळ्याचं पानी बाटलीत भरून गोड होतं काय रे, टायवाल्या?”

कौस्तुभ हसला. हसायचं आणि माहितीपत्रकाचं पुढचं पान उलटायचं, एवढं कंपनी शिकवते.

सालोमीच्या बहिणीचा मुलगा केनी मात्र भुलला. रक्त गोळा करायचा खोका त्यानं घरातल्या वेदीवर मेणबत्तीशेजारी ठेवला. बायकोला, अमिषाला, पस्तिसाव्या आठवड्यातच कळा आल्या. पोरगी मुठीएवढी, फिकट. रडली, पण बारीक.

“सिस्टर, चिमटा!” डॉक्टर विलास म्हणाले. “पिशवी भरायला हवी.”

“उडतेय अजून.”

ती मिनिटभर थांबली. पोरगी हळूहळू गुलाबी झाली. पिशवी अर्धीच भरली आणि कंपनीनं ती नाकारली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये डॉक्टर, केनी आणि कौस्तुभ तिघेही तोंड पाडून बसले होते, जणू घरात मयत झालं होतं. पोरगी वरच्या मजल्यावर दूध पीत होती. तिची चौकशी कोणी केली नाही.

“मावशी, तू घरची ना? तूच असं केलंस?” केनी म्हणाला.

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. “लिहा, नाळेत गुठळ्या होत्या, म्हणून पिशवी भरली नाही. आणि यापुढे मी म्हणेन त्या क्षणी चिमटा. आत एक बाई आलीय, तिचीही पिशवी आहे.”

पलीकडून त्या बाईचं कण्हणं ऐकू आलं. सालोमीनं कागद उलटा केला, त्यावर पेन ठेवलं आणि ती बाहेर पडली, प्रसूतीच्या खोलीकडे.