पाच अधिक सात, वर श्री

नोकरी गेली आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पाच अधिक सात शिकायला बसलो.

आम्ही हार्लेम या डच गावात राहायचो. बायकोचा, मुलगी इराचा, सगळ्यांचा तिथे राहण्याचा परवाना माझ्या नोकरीच्या शेपटीला बांधलेला. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर बाडबिस्तरा गुंडाळून पुणे; आणि इराचं शाळेचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर. अशात तिथल्याच ब्रेडा शहरातल्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. अट एकच, एआरएम असेंब्ली यायला हवी. (मी इतकी वर्षं मॅनेजर. मला फक्त मीटिंग येत होती!)

असेंब्ली म्हणजे प्रोसेसरशी त्याच्याच बोलीत बोलणं; एआरएम ही प्रोसेसरची एक जात. इराने मला ऑनलाइन एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली प्रोसेसर, उघडून दिला. डावीकडे आपण हुकूम लिहायचे, उजवीकडे प्रोसेसरचे खण दिसतात. एका खणात पाच, दुसऱ्यात सात, बेरीज तिसऱ्यात. तीन ओळींचं काम!

पुण्याहून आलेली आई शेजारी मेथी निवडत होती. "सकाळपासून पाच नि सातच करतोयस?"

"एरर येतोय गं."

"येणारच! वर श्री लिहिलास का?"

आमच्याकडे वाणसामानाच्या यादीवरही श्री असतो. मी निमूटपणे पहिल्या ओळीत श्री टाइप केला. आता एकाच्या जागी दोन एरर!

"बाबा, जस्ट कमेंट इट," इरा म्हणाली. (तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.) म्हणजे त्या ओळीआधी दोन तिरप्या रेघा द्यायच्या; मग मशीन ती ओळ वाचतच नाही.

"देवाचं वाचत नाही?" आई हबकली.

रेघा दिल्या, इराने माझा एक राहिलेला स्वल्पविराम घातला आणि खरोखर बारा आले!

मुलाखत ऑनलाइन होती. समोर एक शांत डच बाई; त्यांनी दोन आकड्यांची बेरीजच लिहायला सांगितली. मी टाइप करणार, तोच दार उघडून आई वाटीसकट कॅमेऱ्यात!

"दही-साखर न घेताच बसलास?"

"आई, मी कुठे बाहेर चाललोय!"

"हात पुढे कर!"

उजव्या तळहातावर दही, डाव्या हाताने टायपिंग. सवयीने श्री उमटला, रेघा राहिल्या. स्क्रीन लालभडक!

"ही पहिली ओळ काय आहे?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"शुभ शब्द आहे."

"असं? आणि तो काय करतो?"

"सगळं तोच करतो म्हणावं!" आई मागून म्हणाली.

मी भाषांतर केलं नाही. खालच्या तिन्ही ओळी पुन्हा पुन्हा पुसल्या, पुन्हा लिहिल्या. वरची पुसायला हात धजेना. आई मागेच उभी होती ना! दोन रेघांनी भागलं असतं, पण घाबरलेल्या माणसाला देव आठवतो, रेघा आठवत नाहीत. वेळ संपली.

नकार दुसऱ्याच दिवशी आला. आई जेवली नाही.

"माझ्यामुळे झालं का रे?"

"छे गं, स्वल्पविराम चुकला," मी म्हणालो.

आणखी कुठून बोलावणं आलं नाही आणि मुदत संपत आली. इराने आपली सायकल मैत्रिणीला देऊन टाकली. ती रडली नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गाव सोडत असल्याची नोंद करायला मी आणि इरा खेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत गेलो. दारातल्या टोकनच्या मशीनवर 'जाणारे'ऐवजी 'नव्याने आलेले' हे बटण मी दाबलं.

"बाबा, राँग वन! धिस क्यू इज सो लाँग!"

"लांब आहे ना?" मी म्हटलं. "मग बस जरा, तेवढा वेळ आपण इथलेच. एवढं एक बटण तरी तुझ्या बापाने बरोबर दाबलं!"