पान दोनशे नऊ

कॉलेजच्या लायब्ररीमागे, सायकल स्टँडला लागून असलेल्या लांबट खोलीत बाइंडरबाई सव्वीस वर्षं पुस्तकं शिवत होत्या. खळीचा डबा, दाभण, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, एवढा त्यांचा पसारा. प्राध्यापक मंडळी तिथे यायची ती फाटकी पुस्तकं टाकायला; बोलायला कोणी थांबायचं नाही. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पुस्तक उसवलं की शिवण्याआधी त्या दोन-चार पानं वाचायच्या आणि आवडलं तर काम लांबवायच्या. ग्रंथपाल याला आळस म्हणत.

त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला एक गाजलेली अमेरिकन कादंबरी होती. ओसाड मुलखात विहिरी खणणाऱ्या माणसाची गोष्ट. ती शिकवणाऱ्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, जणू बाकीचे तिथे पाट्या टाकायला येत होते. कादंबरीवरचं गाईडही सरांचंच. आशय, व्यक्तिचित्रण आणि भाषा अशी त्याची तीन प्रकरणं, आणि तिन्ही नायकाच्या मृत्यूवर उभी. खोल विहिरीत दरड कोसळते, नायक गाडला जातो, माणसाच्या हव्यासाचा अंत होतो. हा भाग आला की सर दरवर्षी चष्मा काढून पुसत. एरवी तोंड न दाखवणारी मुलं त्या तासाला आवर्जून येत. चष्मा कितव्या मिनिटाला निघतो यावर पैजा लागलेल्या असत.

एके वर्षी लायब्ररीतली त्या कादंबरीची एकुलती एक प्रत खिळखिळी होऊन बाईंच्या टेबलावर आली. पुस्तक जुन्या धाटणीचं होतं; पानांच्या घड्या वाचणाऱ्यानेच सुरीने कापत पुढे जायचं. सोळा-सोळा पानांचे पंधरा फर्मे, म्हणजे एकावर एक शिवायच्या घड्या. त्यांतले तेरा कापलेले आणि शेवटचे दोन जसे छापखान्यातून आले तसे, मिटलेले. बाईंनी पानाचा आकडा पाहिला. दोनशे आठवर दरड कोसळत होती. प्रत लायब्ररीत आल्यापासूनच्या तीस वर्षांत दोनशे नऊवर कोणाची नजर पडलेली नव्हती.

बाईंनी सुरी घेतली. शेजारी शब्दकोश उघडून ती बत्तीस पानं त्यांनी चार दिवसांत संपवली आणि मग पहिल्या पानापासून सगळंच वाचून काढलं. दोनशे नऊवर नायकाचा भाऊ त्याला मातीतून ओढून काढतो. पुढे हा गडी विहिरी खणणं सोडतो आणि आपण कसे गाडले गेलो ते भेटेल त्याला ऐकवत सुटतो. दर खेपेला ढिगारा हातभर वाढतो. शेवटी त्याला पाहिलं की लोक रस्ता बदलू लागतात. बाई खळीचा ब्रश हातात धरून एकट्याच हसत होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. दरड पडेपर्यंत हा माणूस चार शब्दांच्या वर बोलत नाही, आणि बाहेर आल्यावर त्याचं एकेक वाक्य अर्धं पान खातं. गाईडात भाषेबद्दल एवढंच होतं: ‘साधी, ओघवती व अर्थवाही.’

त्यांनी जाऊन सरांना सांगितलं. सर स्टाफरूमच्या दारात चहा पीत होते. त्यांनी कप खालीसुद्धा ठेवला नाही.

“बाई, पुठ्ठा तुमचा, आतलं आमचं,” ते म्हणाले.

बाई परतल्या, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. पोटात मुलगी असताना त्यांचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहून गेलं होतं. आता त्याच मुलीने त्यांचा बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला. एक्कावन्नाव्या वर्षी डिग्री घेऊन काय करणार, असं यजमानांनी विचारलं. एक प्रश्न सोडवायचाय, असं बाई म्हणाल्या.

प्रश्न आलाही: ‘नायकाचा मृत्यू हाच या कादंबरीचा आशय होय. सविस्तर चर्चा करा.’ वीस गुण. बाईंनी पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘नायक मरत नाही, पान २०९ पाहावे,’ आणि पुढे चार पानं नायकाच्या बडबडीवर. मिळालं शून्य. सहा गुणांनी विषय गेला.

बाईंनी फेरतपासणीचा अर्ज केला. प्राचार्य, सर आणि दुसऱ्या गावच्या एक परीक्षकबाई अशी समिती बसली. सरांनी आधीच तोंड उघडलं. ही पानं कापली कोणी, तर याच बाईंनी. पुस्तक शिवलं कोणी, तर यांनीच. मग दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची पानं यात घुसडली नाहीत कशावरून? प्राचार्यांनी मान डोलावली. ते कोणाच्याही बोलण्यावर मान डोलवत.

बाई जागेवरून उठल्या आणि त्यांनी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापलेला बारीक आकडा दाखवला. तेरा, चौदा, पंधरा. कागद एक, टाइप एक. परीक्षकबाईंनी पुस्तक सरांपुढे सरकवलं.

“वाचा ना, सर. मोठ्याने.”

सर वाचू लागले. भाऊ फावडं घेऊन आला तिथे त्यांचा आवाज खाली आला. नायक खोकला तिथे तो बंद झाला.

“हे लेखकाने मागाहून जोडलं असावं,” ते म्हणाले.

“छापण्याआधीच जोडलं ना?” परीक्षकबाईंनी विचारलं.

सरांनी चष्मा काढला आणि पुसायचं विसरून तसाच हातात धरला. या घटकेची बाईंनी वर्षभर वाट पाहिली होती. पण आता त्यांना ते बघवेना. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

चौदा गुण मिळाले, बाई पास झाल्या. वाटलेली कणव मात्र त्यांना लवकरच आवरती घ्यावी लागली, कारण सहा महिन्यांत गाईडची सुधारित आवृत्ती निघाली. ‘नायकाचा प्रतीकात्मक मृत्यू’ हे अकरा पानांचं प्रकरण तिच्यात नवीन होतं. त्यात देह वाचतो पण आत्मा विहिरीतच राहतो, असं ठणकावून सांगितलेलं होतं. मनोगतात ‘काही जिज्ञासूंचे’ आभारही होते. पुढच्या परीक्षेत प्रश्न आला: ‘नायक जगतो, म्हणूनच मरतो. चर्चा करा.’ मुलांनी अकरा पानं घोकून पैकीच्या पैकी गुण घेतले. बाईंनी नव्याने शिवलेली प्रत त्या वर्षीही कोणी मागितली नाही.

बाईंची डिग्री टपालाने आली, नळीसारखी गुंडाळलेली. त्यावर त्यांच्या आडनावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. मुलगी म्हणाली, दुरुस्तीला अर्ज करू. अर्ज केला की पुन्हा तिघांची समिती बसेल, असं म्हणून बाईंनी तो विषय संपवला. त्यांनी कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून शिकंज्यात आवळला, दोन दिवसांनी सपाट झाल्यावर कपाटात ठेवला आणि प्रयोगशाळेच्या फाटक्या जर्नलांचा गठ्ठा पुढे ओढला.