ओठावरचा कलप

दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली उघडली की उग्र, किंचित गोडसर वास नाकात शिरतो आणि वाटतं, कुठंतरी पडदा वर जायच्या बेतात आहे. शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीच्या भिंतींनाही तो वास लागलाय. शाळा माझी चौथीतच सुटली. मोठमोठे शब्द विंगेत उभं राहून कानांवर पडले, चेहरे मात्र मी बोटांनी वाचले. चेहरा म्हणजे तरी काय? मनातली आस लपवायची जागा. रंगवणाऱ्यानं ती आस हुडकायची आणि प्रेक्षकाला दिसेल न दिसेल एवढीच उघडी ठेवायची.

यंदा एका नाटकात पैलवान रंगवायचा होता. साठी उलटलेला, तालमीनं बाजूला सारलेला, तरी शेवटची एक कुस्ती मागणारा. काम करणारा महादेव जेमतेम चाळिशीचा. कापूस आणि गोंद लावून मी त्याचे कान पैलवानासारखे मोडले, कानशिलं पिकवली, मिशा मात्र काळ्याभोर ठेवल्या. वय दिसलं तर मैदानात कोण घेणार त्याला? पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. हा माणूस घरच्यांची नजर चुकवून, घाईत कलप लावणार. मग तो ओठाच्या कातडीवर उतरायलाच हवा. त्याची सारी तहान त्या डागातच होती.

महादेव म्हणाला, "नाना, लोक म्हणतील म्हाताऱ्याचा हात कापाय लागलाय."

"म्हणू देत की," मी म्हणालो. बोललो खरा, पण ते आत रुतलं. या हातावर उभं राहिलेलं नाव, त्यापलीकडं माझ्याजवळ दुसरं आहे काय?

आणि डागच जमेना. जन्मभर सरळ चाललेला कुंचला वाकडा जायला तयार नव्हता. डाग पाडावा तर त्याची नक्षी व्हायची. अखेर कुंचला महादेवच्या हातात दिला, मोठ्या आरशाकडं त्याची पाठ केली आणि दाढीचा लहानसा आरसा समोर धरला.

"बायको उठायच्या आत लाव."

"माझी का पैलवानाची?"

"जिला जास्त भितोस तिची."

त्यानं भराभर फासलं. ओठावर उतरलं, नाकाखाली पसरलं. मी बोट लावलं नाही.

प्रयोगात आधी लोक हसले. मग कुस्ती मागायला तो पंचांपुढं उभा राहिला, पंचाची नजर ओठावर थांबली, आणि पैलवानानं हळूच तळहातानं तोंड झाकलं. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

बाहेर पेठेतला एक ओळखीचा भेटला. "नाना, आता बास करा. मिशी सगळी पसरलीती की."

"व्हय," एवढंच म्हणून मी चपला घातल्या. डाग समजावून सांगायचा असता, तर पाडला कशाला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत उभा राहून मी माझ्या मिशांना कलप लावत होतो. मागनं बायको म्हणाली, "ओठाला लागलंय, पुसा की. या वयात कुणाला दाखवायचंय?"

"संध्याकाळी उचगावात प्रयोग हाय," म्हणालो.

पुसलं नाही. आत जाऊन पेटी उघडली, गम वाळलाय का ते पाहायला बाटलीचं बूच काढलं. वास खोलीभर पसरला, आणि मी जरा ताठ उभा राहिलो.