पालकांनी समक्ष यावे

"आधी जोहार घाल. मग पोट्ट्याचं बोलू."

भाऊसाहेब हे माझ्या बाला म्हणाले. नागपूरच्या धरमपेठेतल्या त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात. ते वेताच्या खुर्चीवर. बा खाली, पायऱ्यांपाशी उभा. मी बाच्या मागे, हातात कॉलेजचं पत्र धरून. जूनमधली सकाळ होती आणि माझा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

बाला आधी समजलंच नाही. शब्द समजला, पण तो आपल्याला अजून कोणी म्हणू शकतं, हे समजलं नाही. तो उगाच हसला. मग भाऊसाहेब पुढे झुकले.

"विसरला काय बे? तुहा बाप गोंद्या आमच्या दारात रोज घालत होता. तू बी घालत होता लहानपणी. सद्या ना तू?"

बाचं नाव सदाशिव. मिलमध्ये त्याला सदाशिवभाऊ म्हणत. इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत पण तसंच. सद्या मी पहिल्यांदा ऐकलं.

जोहार म्हणजे काय ते आमच्या नंतरच्या पोरांना सांगावं लागतं, आणि सांगावं लागतं हे बरंच आहे. कमरेतून वाकायचं. हात जमिनीला लावायचा, कपाळाला लावायचा. म्हणायचं, जोहार मायबाप. महारानं मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, घालायचा, मालगुजाराच्या शेंबड्या पोरालासुद्धा घालायचा. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात, भाऊसाहेबांच्या वाड्यापुढं, आजाचा जन्म त्यात गेला. छप्पन साली बानं नागपुरात दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून जोहार सोडला. तेव्हापासून आमच्या घरात जयभीम. तोही मान वर ठेवून. लहानपणी मी एकदा मान खाली घालून जयभीम म्हणालो, तर बानं माझी हनुवटी धरून वर केली होती. त्याच्या बोटांना मिलच्या तेलाचा वास होता.

तोच बा वाकला. हात फरशीला लावला, कपाळाला लावला. "जोहार मायबाप."

 वीस वर्षांचा घोडा होतो मी. तोंडात जीभ होती. हातातल्या पत्राची घडी नीट करत उभा राहिलो.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. मी इंजिनिअरिंगच्या सँडविच कोर्सला होतो. काही महिने वर्गात, काही महिने कारखान्यात, असा तो कोर्स. कारखान्यातले सहा महिने पुरे केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. मला जागा मिळाली होती जबलपूरच्या कारखान्यात. पण कारखाना एक पैसा देणार नव्हता. राहायचं, जेवायचं आपलं आपण. आणि हा खर्च कोण उचलणार त्याचं लेखी हमीपत्र पंधरा दिवसांत दिलं नाही, तर जागा दुसऱ्याला. बाच्या मिलच्या पगारात घरच्याच पाच जणांचं कसंबसं भागत होतं. मी तीन ठिकाणी अर्ज केले. एकानं उत्तर दिलं नाही. एकानं आमच्या समाजापुरतंच देतो म्हणून कळवलं, आणि तो समाज आमचा नव्हता. तिसरा हा ट्रस्ट. भाऊसाहेबांनी वडिलांच्या नावानं काढलेला. गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी. त्यांचं पत्र आलं, खाली एक ओळ होती. पालकांनी समक्ष यावे.

ट्रस्ट कोणाचा, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याच गावचे आहेत म्हणून बा उलट खूश झाला. म्हणाला, "वळखतीन ते मले. आता जमाना बदलला गा."

आणि त्या खुशीत त्यानं एक गोष्ट केली, ती मला आयुष्यभर पुरली. त्यानं ट्रंकेतले पांढरे कपडे काढले. दीक्षेच्या दिवशी घातलेलं धोतर आणि सदरा. नवी पांढरी जोडी घ्यायला त्या वेळी मायनं नाकातली फुली विकली होती. ती जोडी वर्षातून एकदा बाहेर निघायची, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर जायला. एरवी कडुनिंबाच्या पाल्यात. लग्नकार्यालाही बा ते घालत नसे. पण पोराच्या शिक्षणाचं काम, म्हणजे त्याच्या लेखी तेवढंच मोठं काम. मायनं लोटा तापवून इस्त्री केली.

त्या कपड्यांत तो वाकला. धोतराचा सोगा फरशीवर लोळला. मी तोच बघत होतो, बाकी कुठं बघायची हिंमत नव्हती.

भाऊसाहेबांनी लगेच सही केली. माणूस शब्दाचा पक्का, हे मला मान्य करावंच लागेल. पैसे दोनदा मिळणार होते. अर्धे आता, अर्धे ऑक्टोबरमध्ये, आणि तेव्हाही पालकांनी समक्ष यावे. परत येताना सीताबर्डीवर बानं मला उसाचा रस पाजला. स्वतः प्याला नाही. घरी पोचल्यावर मायनं विचारलं, झालं काय काम? बा म्हणाला, "झालं. मोठा चांगला माणूस हाये."

मी जबलपूरला गेलो. लेथवर उभं राहायला शिकलो. दुसऱ्या महिन्यापासून माझ्या हातचे शाफ्ट मापात यायला लागले. मिस्त्री, पंडितजी म्हणायचो आम्ही त्याला, मला कामगाराच्या जागेवर उभा करून स्वतः चहाला जायचा. पूर्ण पाळीचं काम मी काढायचो. ते माल म्हणून बाहेर जायचं, विकलं जायचं. एक दिवस शाफ्टवर मायक्रोमीटर लावताना माझ्या डोक्यात आलं, अरे, हे तर मजुरीचं काम आहे. मजुरी कुठं आहे? माझी मजुरी कारखान्यानं ठेवून घेतली आणि माझ्या जेवणासाठी बाला तिकडं वाकावं लागलं. हा हिशेब मला कोणी शिकवला नव्हता. मी मशीन बंद केलं. पंडितजी येऊन ओरडला तेव्हा पुन्हा चालू केलं.

आणि तो शब्द. काम करताना लेथच्या पट्ट्याचा आवाज एकसारखा येतो. त्या आवाजात मला जोहार ऐकू यायचा. बाच्या आवाजात. सुरुवातीला वाटलं चार दिवसांनी जाईल. नाही गेला. नंतर नंतर तो थांबला की मी तो परत येण्याची वाट बघायचो, आणि त्या वाट बघण्यापेक्षा तो येणं बरं वाटायचं.

दसऱ्याला सुट्टी घेऊन घरी आलो. गल्लीतले सगळे पांढऱ्या कपड्यांत निघाले होते. पोरं, बाया, म्हातारे. बा ओसरीत बसला होता. पट्ट्यापट्ट्यांचा मिलमधला शर्ट घालून.

माय हातात धोतर-सदरा घेऊन उभी होती. "काहून जी, घालत काहून नाही? लोक खोळंबून राह्यले."

"मळले ते."

"मी धुतले ना. दोनदा धुतले."

"धुतले तरी." बा म्हणाला. "तुम्ही जा. मले बरं नाही वाटून राह्यलं."

मायला काहीच माहीत नव्हतं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मी पाहत होतो. सतरा वर्षांत एक दसरा चुकवला नव्हता या माणसानं. मिलमध्ये संप असो, घरात मयत असो. माझ्या सहा महिन्यांसाठी त्यानं काय देऊन टाकलं होतं ते मला त्या ओसरीत समजलं. आम्ही त्याला सोडून दीक्षाभूमीवर गेलो. लाखो माणसं होती. मला तिथं तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ट्रस्टची तारीख. बा सकाळी उठून दाढी करायला बसला. मी म्हटलं, "बा, मी एकटाच जातो."

"समक्ष लिवलं हाये ना."

"मी बोलतो त्यायच्याशी."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल पोरगं शिकलं, काहीतरी कायदा काढेल. त्यानं वस्तरा पुसून ठेवला.

व्हरांड्यात त्या दिवशी पाहुणे होते. दोघं पुण्याकडचे, एक बाई. संत्र्यांच्या फोडी बशीत. भाऊसाहेबांनी माझ्या मागं पाहिलं, फाटकापर्यंत पाहिलं.

"बाप कुठी हाये?"

"नाही आला."

"मी या लोकायले सांगून राह्यलो होतो. जुनी माणसं कशी अदबीनं वागत, ते पाहा म्हटलं." मग पाहुण्यांकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "आता ते बघायलाही मिळत नाही हो."

बाई हसली. वाईट नव्हती हसली. म्हणूनच जास्त लागलं.

मी म्हटलं, "माझा बाप येणार नाही. आज नाही, नंतरही नाही."

"मग पैसे?"

"राहू द्या."

"जागा जाईल तुही. समजते का?"

"समजते."

"मस्ती आली काय बे?"

मी मान वर केली, हनुवटी बानं धरली होती तेवढी वर, आणि म्हटलं, "जयभीम." मोठ्यानं म्हणायचं होतं. आवाज फाटला. फाटकाची कडी मला उघडता येईना, माळ्यानं उघडून दिली. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस वाघासारखा चालत येतो. मी फाटकाबाहेर येऊन नालीत ओकलो.

घरी येऊन सांगितलं. सगळं, मायसमोर. जोहार पण. मला वाटलं होतं बा माझ्या पाठीवर हात ठेवेल. खरं सांगतो, तेवढ्यासाठीच मी सायकल जोरात मारत आलो होतो.

बा भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "मंग मी वाकलो ते फुकट गेलं."

एवढंच. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. त्यानं सौदा केला होता, स्वतःची मान देऊन माझं शिक्षण. मी मध्येच सौदा मोडला आणि दिलेली मान काही परत आली नाही. माय चुलीपुढं बसून होती, तिनं भाकरी जळू दिली.

जागा गेली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण मोजलं गेलं नाही, सहा म्हणजे सहा. माझं वर्ष गेलं. कामठी रोडवर एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो आणि पुढच्या वर्षीचा खर्च जमवला. तो खर्च पुरता जमण्याआधीच, होळीच्या सुमाराला, बा गेला. मिलमध्येच छातीत कळ आली. शेवटपर्यंत तो माझ्याशी नीट बोलायचा, जेवला का विचारायचा. त्या विषयावर मात्र एक शब्द नाही. मी तरी कुठं काढला.

प्रेताला पांढरे कपडे घालायचे म्हणून मायनं ट्रंक उघडली. ती जोडी काढली. मी म्हटलं, हे नको. बाजारातून नवं कापड आणलं. कोणी विचारलं नाही काहून. मायनं जोडी पुन्हा पाल्यात ठेवली. ती आता माझ्याकडे आहे. मी ती घालत नाही आणि टाकतही नाही. दर दसऱ्याला ट्रंक उघडतो, सोग्याजवळ त्या फरशीचा डाग आहे का बघतो. डाग नाही. कधी नव्हताच बहुतेक. तरी बघतो.

आज मी त्याच कॉलेजात शिकवतो. पोरांना कारखान्यात जागा मिळवून देणं आणि त्यांच्या सहा महिन्यांच्या खर्चाची सोय करणं हे काम माझ्याकडे आहे. मीच मागून घेतलं. दर वर्षी मी कारखान्यांना लिहितो, आमची पोरं तुमच्याकडे काम करतात, त्यांना कामाचे पैसे द्या. काही देतात. पुष्कळसे देत नाहीत. या वर्षी सहा जण उरले आहेत आणि परवा टेबलावर पत्र आलं. तोच ट्रस्ट. भाऊसाहेब आता नाहीत, मुलगा पाहतो. सहाही जणांचा खर्च देऊ म्हणतात. छोटासा कौटुंबिक समारंभ ठेवला आहे. पालकांनी समक्ष यावे.

प्राचार्य म्हणाले, "काय जातं हो आपलं? एक तासाचा कार्यक्रम."

त्या सहांत उमरेडच्या एका विणकराची मुलगी आहे. आमच्यातली नाही, कोष्ट्याची. काल माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, माझे बाबा येतील. त्यायनं नवा सदरा शिवला हाये."

नवा सदरा. मला खुर्चीत नीट बसवेना. मी तिला सगळं सांगितलं, इथं लिहिलं तसंच. ती म्हणाली, "आता तर जोहार कोणी घालायले नाही लावत सर."

"स्टेजवर पाया पडायला लावतील. फोटो काढतील."

"आणि माही जागा गेली तर?"

"जाऊ शकते. मी उद्यापासून पुन्हा कारखान्यांच्या दारात उभा राहतो, पण जाऊ शकते."

"तुमचं ठीक हाये सर," ती म्हणाली, "तुम्ही नोकरीले लागून गेले." आणि डोळे पुसत निघून गेली. तिचं चूक नाही. उद्या तिच्या बानं मला शिव्या दिल्या तर त्याचंही चूक नाही. मी ऐकून घेईन. बाचं एक वाक्य मी दहा वर्षं ऐकतोच आहे, त्यात आणखी एक.

पण तो सदरा त्या फरशीला लागणार नाही. पोरं काम करतात, कामाचं मागू. नाही मिळालं तर पुन्हा मागू, उभ्यानं मागू. माझ्या सहीनं कोणाचा बाप कोणापुढं नेला जाणार नाही, मग कोणाचं वर्ष जावो की माझी नोकरी.

ट्रस्टच्या पत्राला उत्तर लिहून झालं आहे. एकच ओळ. आमचे पालक येणार नाहीत.