शेवटचं बटण

मांडवीच्या आमच्या भजनात सिंथेसायझर वाजवणारा एक मित्र आहे. माईकही त्याच्याच मशीनला जोडलेले, त्यामुळे कुणाच्या आवाजाला किती रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्यायचा ते तोच ठरवतो. चेहरा कायम देवासारखा शांत. एखादा बुवा "आवाज घुमव रे जरा" म्हणून मागे लागला, की मान डोलावून शेवटचं बटण अलगद फिरवतो. "आता बघा, बुवा." बुवा खूश!

एकदा माझ्या कानात म्हणाला, "त्या बटणाला काय जोडलेलंच नाय. रिव्हर्ब वाढवला तर शब्द बुडतात, नाय वाढवला तर बुवा रुसतात."

मी पोट धरून हसलो होतो.

काल गाताना माझाच आवाज कोरडा वाटला. मी त्याला खूण केली. त्याने मान डोलावली आणि शेवटचं बटण फिरवलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. तरी पुढचा अभंग असा रंगला, की विचारू नका.